वाकड्या बोटीमागची लाट

आधी माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारा माणूस लांब कुठेतरी जाऊन आलेला असावा, असं मला वाटायचं. मी नांदेडहून रेणापूरला गेलो, म्हणजे एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात, आणि पाच दिवसांनी परत आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. प्रवास करून आल्यावर तो लिहूनही काढतात, हे मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आल्यावर कळलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मराठीच्या सरांनी वर्गात विचारलं, सुट्टीत कुणी काय नवीन केलं. माझ्या तोंडून निघून गेलं की मी लाटेवर उभा राहिलो. वर्ग हसला. नांदेडपासून समुद्र किती लांब आहे ते सगळ्यांनाच माहीत आहे. सर हसले नाहीत. म्हणाले, लिहून आण. म्हणून कॉलेजच्या अंकासाठी हे लिहितो आहे. मोठं काही केलं अशा आवेशात लिहिलेलं वाटलं, तर तो माझा दोष समजावा.

मावशीचं गाव

अहमदपूर, चाकूर करत लातूर आणि तिथून रेणापूरची गाडी. मावशीचं गाव धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. एसटीतून उतरलं की सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, मध्ये हिरवी तूर, आणि तुरीच्या पलीकडे एकदम पाणी. आमच्या गावाकडे, भोकरला, डोंगर आणि सागाची झाडं पुष्कळ, पण एवढं पसरलेलं पाणी माझ्या रोजच्या बघण्यातलं नाही. मी बांधावर थोडा वेळ उभाच राहिलो. मागून मावशीचा आवाज आला, "काय करलालास रे तिथं? घर इकडं हाय."

लातूरकडे 'करलालास', 'बसलालास' असं बोलतात. आम्ही 'करून राहिलो' म्हणतो. पहिले दोन दिवस मी काहीही बोललो की मावशी हसायची आणि माझंच वाक्य मला पुन्हा म्हणून दाखवायची.

शिवराजदादा हा मावशीचा एकुलता एक मुलगा. तो सात वर्षं गोव्याला होता. तिथे पर्यटकांना बोटीमागे खेळवायचं काम करायचा. मावशीचे यजमान बरीच वर्षं झाली, नाहीत. तीन एकर रान, एक म्हैस आणि ती एकटी. गेल्या उन्हाळ्यात दादा मालकाकडून एक जुनी बोट विकत घेऊन ट्रेलरवर घालून गावी आला, तो कायमचा राहायचं ठरवून. बोटीमागे लाट तयार करायची आणि फळीवर उभं राहून त्या लाटेवरून जायचं, हे त्याला इथल्या पोरांना शिकवायचं होतं. या खेळाला वेकसर्फिंग म्हणतात. लातूर, नांदेडची माणसं इथे येतील आणि आपण घरी राहून पोट भरू, असा त्याचा हिशोब होता.

सगळे कागद झाले होते. एकच राहिला होता, मच्छीमार सोसायटीची ना-हरकत. सोसायटीचे अध्यक्ष लक्ष्मणकाका. ते हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. बाहेरची चार माणसं येणार, आमच्या जाळ्यांवरून बोट फिरवणार आणि हसून निघून जाणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एकदा ते दादाला म्हणाले होते, "आपल्यातलं एक पोरगं दोरी सोडून उभं राहिलेलं दाव. मंग बघू."

दादाने मला फोन करून बोलावलं ते यासाठी. कागद आला नाही तर वर्षाच्या शेवटी बोट विकून तो परत गोव्याला जाणार होता. हे मला त्याने सांगितलं नाही, मावशीने सांगितलं. ताटात चुरमुऱ्यांचा सुशीला वाढताना, पाऊस पडेल की नाही असं बोलतात तसं.

"मंग जाईल," ती म्हणाली. "थांब म्हणलं म्हणून थोडंच कुणी थांबतंय. शेंगदाणे घे अजून."

मी शेंगदाणे घेतले. आमच्या घरी सुशीला कोरडा करतात, चुरमुरे कुरकुरीत राहतील असा. मावशीचा मऊ, ओलसर, वरून डाळ्याचं कूट आणि भरपूर कोथिंबीर. आईला सांगू नये, पण मावशीचा जास्त चांगला.

पोती

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पाहिली. पांढरी, लांबट, एका बाजूचा रंग उडालेला. इंजिन मध्ये बसवलेलं आणि पंखा तळाखाली, पार आत. दादाने सगळ्यात आधी मला ओणवं करून तो पंखाच दाखवला. या खेळात माणूस बोटीच्या अगदी मागे, सात-आठ हातांवर असतो. म्हणून पंखा तळाखालीच हवा. ज्या बोटीचं इंजिन मागे लटकवलेलं असतं तिच्यामागे हे कधीच करायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. हे त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मग वजन. बोटीत पाणी भरायच्या खास पिशव्या होत्या, पण गोव्याहून येताना त्या फाटल्या होत्या. त्यामुळे खताच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरायचा होता. आठ पोती. दादा पेट्रोल आणायला गेला आणि मला म्हणाला, पोती भरून बोटीत मागच्या अंगाला ठेव.

मी भरली, तोंडं शिवली, एकेक पाठीवर घेऊन गुडघाभर पाण्यातून नेली आणि बोटीत रचली. चार डावीकडे, चार उजवीकडे. मग वाटलं मागे फार झालं, म्हणून दोन पुढे नेली. लांबून पाहिलं. बोट पाण्यावर अशी सरळ बसली होती की मला माझाच अभिमान वाटला. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. माल भरताना गाडी उलाळ झाली, म्हणजे मागे जड होऊन जू वर उचललं गेलं, तर बैलाच्या गळ्याला फास बसतो. वडिलांनी मला लिहा-वाचायच्या आधी शिकवलेली गोष्ट कोणती असेल तर ही.

दादा आला, बोटीकडे बघितलं आणि कॅन खाली ठेवून बसूनच राहिला.

"बालाजी, छान भरलीस रे," तो म्हणाला. "आता सगळं मोड."

बोट सरळ असेल तर तिच्या मागे दोन्ही बाजूंना बारक्या लाटा उठतात आणि एकमेकींत मिसळून जातात. बोट मागे दबली पाहिजे आणि एका कुशीवर कलली पाहिजे. तेव्हा कुठे त्या बाजूला स्वच्छ, उंच लाट उभी राहते. कोणती बाजू, ते माणसावर ठरतं. दादाने बोलता बोलता मला मागून धक्का दिला. तोल सावरताना माझा डावा पाय पुढे पडला. "मंग डावी बाजू," तो म्हणाला. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याने डाव्या लाटेवर उभं राहायचं.

आठही पोती डाव्या मागच्या कोपऱ्यात गेली. बोट अशी वाकडी झाली की मला बघवेना. काठावर जाळं नीट करत लक्ष्मणकाका बसले होते. साठीचे, अंगाने भरलेले, डोक्याला उपरणं. त्यांनी मान वर करून बघितलं.

"शिवराज, वाकडी बोट चालवायला सात वर्षं गोव्याला गेला व्हतास व्हय रे?"

दादा हसला, पण कान लाल झाले होते त्याचे. खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धवट झोपेत पुन्हा दोन पोती उजवीकडे ठेवली होती. हात ऐकत नाहीत.

मावशी मागे बघते

बोट चालवणाऱ्याला पुढे बघायचं असतं, त्यामुळे मागच्या माणसावर लक्ष ठेवायला बोटीत आणखी एक जण लागतो. आमच्याकडे मावशी होती. लुगड्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घालून, पदर खोचून ती मागे तोंड करून बसायची आणि मी पडलो की हात वर करून "पडला" म्हणायची. पहिल्या दिवशी तिने हात खाली घेतलाच नाही म्हटलं तरी चालेल.

तिचीही एक अडचण होती. दादा तिला डावीकडे बसवायचा. बोट चालू होऊन कलली की ती हळूहळू सरकत उजवीकडे जायची, वरच्या बाजूला. तिचंही तेच, माझ्या पोत्यांसारखं. बोट एका अंगाला झुकली की आपण दुसऱ्या अंगाला जाऊन ती सावरायची. दादा न वळता म्हणायचा, "आई, डावीकडं." ती परत यायची. थोड्या वेळाने पुन्हा उजवीकडे.

"बुडत्या बाजूला कुणी बसतंय का?" ती म्हणायची.

पाण्यात उतरताना मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मावशीसमोर मी मोठा झाल्यापासून अर्ध्या चड्डीत कधी आलो नव्हतो. पोहायला मी विहिरीत शिकलो आहे, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, म्हणून पाण्याची भीती नव्हती. पण विहिरीचं पाणी कुठे संपतं ते दिसतं. इथे पायाखाली काय आहे ते कळत नव्हतं आणि सकाळचं पाणी थंडगार होतं.

पद्धत अशी. पाण्यात पाठीवर पडायचं. फळी आडवी, तिच्या काठावर दोन्ही टाचा टेकवायच्या. गुडघे छातीशी. दोरीची मूठ दोन्ही हातांत. बोट हळू चालू लागली की टाचांनी फळी दाबायची, ती आपोआप उभी होऊन पायांना चिकटते. मग बोट वेग घेते आणि आपल्याला पाण्याबाहेर काढते. आपण काहीच करायचं नाही. ऐकायला एवढं सोपं.

मी काय केलं, तर बोटीने ओढलं की मी दोरी माझ्याकडे ओढली. दर वेळी. आणि दर वेळी तोंडावर पडून निम्मं धरण प्यायलो. दादा बोट वळवून माझ्याजवळ आणायचा, इंजिन पार बंद करायचा आणि परत समजावायचा. सहाव्या-सातव्या वेळेला त्याने विचारलं, "तू दोरी का ओढतोस?"

उत्तर मावशीला माहीत होतं. "बैल ओढला की कासरा मागं ओढायचा, हेच तर करून राहिलाय त्यो," ती माझ्या बोलीत म्हणाली.

दादा म्हणाला, "बालाजी, आज तू बैल धरलेला नाहीस. बैलानं तुला धरलंय. जाऊ दे त्याला." का कोण जाणे, पण पुढच्या वेळी मी उठलो. दोन क्षण. मग पायाकडे बघितलं आणि पडलो.

पायाकडे बघायची खोड मात्र शेवटपर्यंत गेली नाही. दादा ओरडून ओरडून दमला, "वर बघ, बोटीकडं बघ." नजर जिथे, तोल तिथे. मला कळत होतं. पण ज्या जागेवर उभं आहोत ती जागा आहे की नाही, हे बघितल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

त्या दिवशी मावशीने ज्वारीची भाकरी आणि येसराचं भाजकं पीठ टाकून आमटी केली होती. हात इतके दुखत होते की भाकरी मोडता येईना. मावशीने माझ्या भाकरीचे तुकडे केले, आमटीत कुस्करले आणि वाटी पुढे सरकवली.

दोरी धरून

चौथ्या दिवशी मी दोरी धरून लाटेवर बराच वेळ उभा राहू लागलो. ती लाट कशी असते ते सांगतो. समुद्राची लाट येते आणि जाते. ही कुठेच जात नाही. बोट चालू आहे तोवर ती तुमच्या शेजारी तशीच उभी असते, कमरेपर्यंत, हिरवट, आणि आवाज करत असते. बोटीचा वेग फार नसतो, काटा ताशी सोळा-सतरा किलोमीटरच्या आसपास. पुढच्या पायावर भार दिला की फळी लाटेच्या उतारावरून पुढे जाते. मागच्या पायावर दिला की मागे राहते. दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे, तिथे लाटच आपल्याला ढकलते. तिथे आलो की हातातली दोरी एकदम सैल पडते. दोरी सैल पडली की ती बोटीत फेकून द्यायची.

ती सैल पडत होती. मी फेकत नव्हतो. दादाने ओरडून सांगितलं, मावशीने हातवारे केले. माझी बोटं उघडत नव्हती.

दुपारी काठावर दादा आणि मी उतरवून ठेवलेल्या पोत्यांना टेकून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मणकाका बोटीत बसून बघायला येणार होते. धरणाच्या वरच्या अंगाला प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या, एका ओळीत. खाली काकांची जाळी. दादा त्या बाटल्यांच्या दिशेला बोट कधीच न्यायचा नाही. मी त्याला विचारलं, उद्या जमलं नाही तर? तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, गोव्याचं पाणी खारट असतं, सात वर्षं डोळे चुरचुरत होते. मग उठून बोटीत गेला आणि नसलेली घाण पुसू लागला.

शेवटची सकाळ

काका ठरल्या वेळेच्या आधीच आले. धुतलेला सदरा घालून आले होते. लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांना पुरेनात, ते दादाने मोठे करून दिले. बोटीत चढले, आणि सरळ जाऊन उजवीकडे बसले. वरच्या बाजूला. हाताची घडी.

दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. काकांचं वजन दोन पोत्यांचं तरी असेल. ते उजवीकडे बसले म्हणजे डावीकडची दोन पोती फुकट गेली. पण निर्णय द्यायला आलेल्या मोठ्या माणसाला 'उठा, तिकडं बसा' कसं म्हणायचं? त्यातून 'बुडत्या बाजूला बसा' कसं म्हणायचं? दादा सुकाणूपाशी जाऊन बसला. मी पाण्यात उडी मारली.

पहिल्या वेळी उठलो. लाट गुडघ्याला लागत होती, कालच्या निम्मीच. दोरी सैल पडेपर्यंत थांबलो, पण ती पडेना. शेवटी तशीच सोडली आणि दगडासारखा खाली गेलो. दुसऱ्या वेळीही तसंच. बोट जवळ आली तेव्हा काका मला बघत नव्हते. बोटीच्या मागे पाणी कुठे दबतंय आणि कुठे उठतंय, तिकडे त्यांची नजर होती. दादा म्हणाला, पेट्रोल एका फेरीपुरतं आहे. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या वेळी बोट पूर्वेकडे तोंड करून होती. ऊन थेट माझ्या डोळ्यांत. मला काही दिसत नव्हतं. टाचा टेकवल्या, गुडघे छातीशी घेतले. बोट निघाली, मी उठलो, आणि सवयीप्रमाणे पायाकडे बघितलं. आणि माझ्या शेजारी लाट उभी राहिली. कालच्याहून उंच. फळी स्वतःहून पुढे सरकली, दोरी सैल पडली, आणि या वेळी बोटं उघडली. मी दोरी फेकली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. हात रिकामे होते आणि मी पडत नव्हतो. पुढच्या पायावर, मागच्या पायावर. पाणी मला ढकलत होतं. लांबून मावशीचा मोजण्याचा आवाज येत होता. ती विसापर्यंतच मोजते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. मी पडलो तेव्हा एक वीस आणि वर सात झाले होते.

बोट वळून माझ्यापाशी आली तेव्हा मावशी डोळे पुसत होती, दादा सुकाणूवर हात ठेवून बसला होता, आणि काका उजवीकडे त्यांच्या जागेवर होते, घडी तशीच. ते म्हणाले, "पाणी गार हाय. पोराला च्या पाजा." काठावर उतरले, जॅकेट नीट घडी करून ठेवलं आणि निघून गेले. ना हो, ना नाही.

दुपारच्या गाडीने मी निघालो. मावशीने धपाटे आणि दही बांधून दिलं. दही चाकूरच्या पुढे पिशवीत सांडलं आणि माझं इंग्रजीचं पुस्तक अजून त्या वासाचं आहे.

त्यानंतर

इथपर्यंत लिहून मी वही सरांकडे द्यायला ठेवली होती. महिना होऊन गेला होता, रेणापूरहून काही कळलं नव्हतं. दादाला फोन करून विचारायचा धीर होत नव्हता. होस्टेलवर मात्र मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की शेवटच्या वेळी मला तंत्र जमलं आणि मी एकट्याच्या बळावर उभा राहिलो.

काल मावशीचा फोन आला. आधी विचारलं, जेवलास का. मग थंडी किती आहे, आई कशी आहे, मेसमध्ये भाकरी देतात का पोळी. म्हैस व्याली, कालवड झाली. मग म्हणाली, "आन् हां. कागद आला. लक्ष्मणभाऊजींनी सही केली. सकाळच्याच पारी चालवायची, जाळ्याकडं जायचं न्हाई. शिवराज न्हाई जात आता गोव्याला."

मी म्हटलं, म्हणजे मी उभा राहिलो ते त्यांना पटलं.

"तुला सांगू नको म्हणलेत," ती म्हणाली. आणि मग सांगितलं. शेवटच्या फेरीला, मी पाण्यात पडून वाट बघत होतो आणि माझ्या डोळ्यांवर ऊन होतं तेव्हा, काका त्यांच्या जागेवरून उठले. मावशीला वाटलं, उतरायचं म्हणतात की काय. ते काही बोलले नाहीत. डावीकडे आले आणि पोत्यांना पाठ लावून, पार कोपऱ्यात, पाण्याला अंग लागेल असे बसले. दादा वळून बघायला लागला, तर त्याला एवढंच म्हणाले, "पुढं बघ."

मी पडल्यावर, बोट माझ्यापर्यंत यायच्या आत, ते उठून परत आपल्या जागेवर गेले होते.

"आता रोज सकाळी येतात," मावशी म्हणाली. "कुणी सांगावं लागत न्हाई. आले की गुमान डावीकडं जाऊन बसतात. मला म्हणतात, तुम्ही सरका थोडं, ही जागा माझी हाय."